पहिल्या रविवारचा उपास

आयुष्यात ज्या माणसाला मी सगळ्यांत जास्त वेळा उठून नमस्कार केला आणि ज्याच्याबद्दल मला सगळ्यांत कमी आदर वाटला, तो माणूस म्हणजे दत्तात्रय खांबेकर. तोंडावर मी त्याला साहेब म्हणायचो. सगळी पंचवटी म्हणायची. आता तो नाही आणि माझीही सत्तरी उलटली आहे, तेव्हा निदान कागदावर तरी मी त्याला अहोजाहो करणार नाही.

माझं पंचवटीत किराणा दुकान होतं आणि खांबेकर वजनमापे खात्यात निरीक्षक होता. म्हणजे आमची ओळख झाली ती तराजूच्या दोन बाजूंना उभं राहून. वर्षातून एकदा तो दुकानात यायचा, वजनं उलटी करून त्यांच्यावरचा सरकारी छाप बघायचा, तराजूच्या दांडीला जवळजवळ नाक लावायचा आणि "हं" म्हणून पुढच्या दुकानात जायचा. लाच घेत नसे. हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं, कारण दुसरं सांगण्यासारखं काही नाही. घेतली असती तर कदाचित थोडा माणसांत आला असता. साधा चहा पुढे केला तरी नको म्हणायचा, आणि तेही अशा आवाजात की समोरच्या कापडवाल्यालाही कळावं, खांबेकर चहा घेत नाही.

गंमत अशी की तो येणार हे बाजाराला आधीच कळायचं. त्याचा शिपाई आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खायला यायचा. तो दिसला की सगळ्या आळीत चकचकीत, छापाची वजनं बाहेर निघायची आणि रोजची झिजलेली वजनं पोत्यांमागे जायची. दुसऱ्या दिवशी साहेब यायचा, जिथे तिथे बरोबर माप बघायचा आणि छाती पुढे काढून निघून जायचा. तो पुढच्या चौकात, रविवार कारंजापर्यंत, पोचला नसेल तोवर पोत्यांमागची वजनं पुन्हा तराजूत असायची. अशी नोकरी त्याने जन्मभर केली आणि कुणालाही विचारा, त्याचं आवडतं वाक्य एकच होतं: "काट्याखालचा दगड मला दिसतो." सटाण्याला असताना एका कांदा व्यापाऱ्याने काट्याखाली बांधलेला दगड त्याने म्हणे नुसत्या दांडीच्या हेलकाव्यावरून ओळखला होता. त्या एका दगडावर त्याने पुढची सगळी वर्षं काढली.

तो निवृत्त झाला त्या सुमारास, म्हणजे नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं असताना, आम्हा दोघांनाही मधुमेह निघाला. डॉक्टरही एकच, आमच्या आळीतले मोहाडीकर. मोहाडीकर सज्जन माणूस. बाहेर बाकावर पेशंटांची रांग, आणि त्यातले निम्मे शुगरचे नाहीतर बीपीचे. ते एकदा मला म्हणाले, "शेठ, गोळी लिहून द्यायला दोन मिनिटं लागतात हो. पण भाकरी किती खायची, पाय कसे जपायचे, चालायला कधी जायचं, हे सांगायला मी वेळ कुठून आणू? तुम्ही लोकच रविवारी एकत्र बसलात, एकमेकांशी बोललात, तर किती बरं होईल." कल्पना चांगली होती. आजही मला ती चांगलीच वाटते. पण त्यांनी ती सगळ्यांसमोर बोलून दाखवली आणि बाकावरून खांबेकर उठून म्हणाला, "माझ्याकडे द्या." सज्जन माणसाचा हाच तोटा, कुणी काम अंगावर घेतो म्हटलं की तो देऊन टाकतो.

अशा रीतीने 'शर्करा संयम मंडळ' निघालं. नाव अर्थातच खांबेकरने ठेवलं.

पहिल्याच बैठकीत त्याने आम्हाला आपला सिद्धांत सांगितला. "साखर रक्तात नसते, साखर स्वभावात असते. ज्याचा स्वभाव सरळ, त्याची शुगर सरळ." दुसरा सिद्धांत इन्सुलिनबद्दल होता. "इन्सुलिन म्हणजे पांढरं निशाण. ज्याने सुई टोचून घेतली तो हरला." मोहाडीकर तेव्हा आत कुणाच्या तरी छातीला नळी लावून बसले होते, त्यांनी हे ऐकलं नाही. आम्ही ऐकलं आणि मान डोलावली. साहेब बोलला की मान डोलवायची आम्हाला सवयच होती.

मग नियम आले. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दवाखान्याच्या पडवीत सगळ्यांचं उपाशीपोटी रक्त घ्यायचं. दुसऱ्या रविवारी निकाल. तो निकालच म्हणायचा. कुठूनसा एक फळा पैदा करून त्याने तो पडवीच्या भिंतीवर टांगला होता. त्यावर सगळ्यांची नावं, नावापुढे शुगर आणि शुगरपुढे नंबर. ज्याची शुगर सगळ्यांत कमी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार आणि हातात नारळ. ज्याची सगळ्यांत जास्त, त्याने उभं राहून महिन्याभरात काय काय खाल्लं ते सगळ्यांना सांगायचं. याला 'निवेदन' म्हणायचे. आमच्यात एक शाळामास्तरीण होत्या, विधवा, गरीब स्वभावाच्या. त्या एकदा उभ्या राहिल्या आणि रडवेल्या होऊन म्हणाल्या, "सत्यनारायणाचा प्रसाद घेतला हो, बाकी काही नाही." खांबेकर म्हणाला, "देवाच्या नावावर खपवू नका. बसा." त्या पुन्हा मंडळात दिसल्या नाहीत. दवाखान्यातही दिसल्या नाहीत, हे मोहाडीकरांच्या फार उशिरा लक्षात आलं.

डॉक्टरांनी त्याला एक खरोखर उपयोगी गोष्ट सांगितली होती. शुगरवाल्यांच्या पायाची जाणीव हळूहळू बोथट होते, काटा रुतला तरी कळत नाही, म्हणून पाय दर वेळी बघत जा. खांबेकरने त्याचीही परेड केली. आम्ही ओळीत सतरंजीवर बसून तळवे पुढे करायचे आणि तो बॅटरी मारत आमच्या पायांमधून फिरायचा. "भेगा. घाण. नखं काढा." स्वतः मात्र काळे, नाडीचे, पॉलिश केलेले बूट आणि त्यात मोजे. एकदा मी म्हटलं, "साहेब, तुमचेही बघू की." तो हसला. "निरीक्षकाची तपासणी कोण करणार, शेठ?" सगळे हसले. मीही हसलो.

त्याच्या हातून माझं जे झालं ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे माझा राग कुठला हे तरी कळेल. धाकट्या मुलीचं लग्न होतं. व्याही देवळ्याचे, कांद्याचे आडते, मानापानाला जपणारी माणसं. पंगत बसली आणि व्याह्यांनी रीतीप्रमाणे जिलबीचा घास माझ्या तोंडापुढे धरला. मी एक तुकडा घेणार होतो, घेतल्यासारखं करणार होतो, त्यात काय मोठं. तेवढ्यात समोरच्या पंगतीतून खांबेकर उष्ट्या हाताने उठला, रांगोळी तुडवत आला आणि त्याने माझ्या व्याह्यांचं मनगट धरलं.

"थांबा. हे आमच्या मंडळाचे सभासद आहेत. गेल्या महिन्यात शेवटून दुसरे आलेत."

सगळी पंगत ऐकत होती. व्याह्यांनी जिलबी खाली ठेवली आणि हात पुसला. पुढे महिनाभराने मुलगी माहेरी आली तेव्हा तिने आईला सांगितलं की सासूबाई विचारत होत्या, तुझ्या वडिलांचा आजार पोरांमध्ये उतरतो का. खांबेकरला मी हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, योग्य प्रश्न आहे.

आता अशा माणसापुढे आम्ही काय केलं असेल? बाजाराने जे केलं तेच. निरीक्षकाचा दिवस ठरलेला होता, तेव्हा त्या दिवसापुरती चकचकीत वजनं बाहेर काढली. शुक्रवारपासून कारल्याचा रस, मेथीचं पाणी, मुगाचं कढण. कुणी शनिवारभर निर्जळी. कुणी एरवी पायरी चढायचा नाही तो गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठाने दोन-दोन फेऱ्या मारायचा. कुणी गोळी वाढवायचा. रविवारी रक्त दिलं की दवाखान्यातून बाहेर पडायचं आणि थेट कोपऱ्यावरच्या हॉटेलात. तिथे अर्धं मंडळ मिसळ-पाव घेऊन बसलेलं असायचं आणि कुणी कुणाकडे बघायचं नाही. नंतरचा महिना ज्याचा त्याचा. द्राक्षांचे दिवस आले की सकाळी हातगाडीवर खांबेकर उभा नाही ना एवढं बघून लोक किलो-किलो घरी न्यायचे.

फळ्यावरचे आकडे मात्र उतरत होते. खांबेकर ते आकडे बघून आपला कुठला तरी विजय झाला असं समजत होता. एका नगरसेवकाने येऊन त्याला शाल घातली. काट्याखालचा दगड ज्याला दिसायचा त्या माणसाला आपल्या पुढ्यात उपासाने डोळे खोल गेलेली माणसं दिसत नव्हती. का दिसत होती आणि चालत होती? मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्हींत मी त्याला माफ करणार नाही.

या मंडळात पहिला नंबर बहुतेक वेळा भागूबाईचा असायचा. भागूबाई मखमलाबादची. घरची झेंडू-शेवंतीची शेती, आणि फूलबाजारात ती स्वतः हार ओवत बसायची. खांबेकरच्या कार्यक्रमाला लागणारा हार तिच्याकडूनच यायचा, आणि दर एक-दोन महिन्यांनी तोच हार फिरून तिच्याच गळ्यात पडायचा. हार गळ्यात पडताना तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. साठीची बाई, लाजून खाली बघायची. कमवणारी तीच, पण घरात सत्ता दोन मुलांची. तिला कुणी नाव घेऊन पुढे बोलावलंय असा तो एकच प्रसंग असावा.

तिच्या डोळ्यांचं प्रथम माझ्या लक्षात आलं ते हारावरून. एका रविवारी तिने आणलेल्या हारात पिवळ्या झेंडूत मध्येच केशरी फुलं आली होती, कुठे दोन, कुठे चार. भागूबाईच्या हातून असली चूक शक्य नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "भाऊ, रंग आता उजेडात नेऊन बघावा लागतो. सुई तर सून ओवून देती." मी म्हटलं, साहेबांना सांग. तिने माझ्यादेखत सांगितलं.

"साहेब, डोळ्याफुडं अंधारी येती. शुगरमुळं तर नसंल?"

खांबेकरने फळ्याकडे बोट दाखवलं. "तुमचा नंबर कितवा?"

"पयला."

"मग? शुगरचा काय संबंध? वय झालं, भागूबाई. चष्मा घ्या."

ती समाधानाने बसली. मोहाडीकरांना दाखव म्हणून मी मागे लागलो, तर म्हणाली, साहेबांनी सांगितलं ना. त्या माणसाच्या एका बोटाने तिच्या डोळ्यांचा निकाल लागत होता आणि तिला त्यात अभिमान होता.

मग तो रविवार आला. रक्त द्यायची रांग पडवीत लागली होती. भागूबाई माझ्यापुढे दोन माणसं सोडून उभी होती. तिच्या पाठीवर चोळी घामाने भिजलेली दिसली. थंडीचे दिवस होते. मी हाक मारेपर्यंत ती भिंतीला टेकली, घसरली आणि आडवी झाली. मोहाडीकर धावत आले, साखर पार उतरलीय म्हणत शिरेतून ग्लुकोज दिलं, तेव्हा कुठे तिने डोळे उघडले.

"काय खाल्लं होतं काल?" डॉक्टरांनी विचारलं.

"परवापास्नं पोटात काय नाय. नंबर हाय ना डॉक्टर. आन् गोळ्या दोन जास्ती घेतल्या."

खांबेकर पुढे होऊन डॉक्टरांना म्हणाला, "तुम्ही ग्लुकोज दिलंत. आता हिचं रिडिंग धरता येणार नाही." आणि पुढच्या रविवारी फळ्यावर भागूबाईच्या नावापुढे खरोखरच लिहिलेलं होतं: गैरहजर.

तो फळा बघून मोहाडीकरांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "तपासणीआधी कोण कोण उपास करतं?" आधी कुणी हललं नाही. मग एक हात वर गेला, मग दुसरा. माझाही गेला. खांबेकरचा सोडून पडवीतला एकही हात खाली राहिला नाही.

"तुम्ही मला फसवत नाही आहात," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या डोळ्यांना फसवताय, मूत्रपिंडाला फसवताय." मग त्यांनी सांगितलं की आता एक नवी तपासणी निघाली आहे. तिच्यात गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. दोन दिवस उपाशी राहून तिच्यावर काही परिणाम होत नाही. ती सगळ्यांची करायची, साहेबांचीही.

निकाल आले तेव्हा मोहाडीकरांनी फळ्यावर काही लिहू दिलं नाही. एकेकाला आत बोलावून त्याचा कागद त्याच्याच हातात दिला. माझा वाईट होता. भागूबाईचा फारच वाईट होता. खांबेकर आत गेला आणि लगेच बाहेर आला. कागदाची चार घड्या घालून त्याने तो खिशात टाकला होता. कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही, पण त्याचा चेहरा मी ओळखला. वर्षभर झिजल्या वजनांनी माल विकलेल्या दुकानदाराकडे शिपायाविना निरीक्षक येऊन उभा राहिला की तो दुकानदार असाच दिसतो.

एखादा माणूस इथे तरी थांबला असता. खांबेकरने त्याच संध्याकाळी घरोघर फिरून जाहीर केलं की तपासणी खोटी आहे, प्रयोगशाळेचा धंदा आहे आणि मोहाडीकर त्यांना सामील आहेत. मंडळ यापुढे त्याच्या घरी भरेल. फळा त्याने काढून नेला. आणि सांगायला मला लाज वाटते, निम्मे लोक त्याच्या मागे गेले. खऱ्या तराजूपेक्षा ओळखीचा निरीक्षक लोकांना परवडतो.

भागूबाईही गेली. डॉक्टर तिला सांगत होते की आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि इन्सुलिन सुरू कर. खांबेकर मखमलाबादला तिच्या घरी गेला आणि तिच्या मुलांना म्हणाला, "इंजेक्शन सुरू झालं की माणूस संपला म्हणून समजा. मी तिला गोळ्यांवर ठेवून दाखवतो." मुलांना काय, तेवढाच त्रास वाचला.

मी फूलबाजारात जाऊन तिच्यासमोर बसलो. ती शेवंती ओवत होती, बघून नव्हे, बोटांनी चाचपून.

"भागूबाई, तू का जातेस त्याच्याकडे? त्याच्यामुळेच पडलीस ना?"

दोऱ्यात फूल सरकवत ती म्हणाली, "भाऊ, मी दिसभर लोकांचे हार करती. देवाचे, नवरीचे, पुढाऱ्याचे, मड्याचे. माझ्या गळ्यात हार कुनी घातला? एक लगनात, आन् दुसरा त्यानं. डॉक्टर चांगलाच हाय. पर त्याच्याकडं मी नुसती आजारी हाय."

खांबेकरबद्दल मला जो काही तिटकारा आहे तो सगळा त्या एका वाक्यात येऊन बसतो. माणसाला हवी असते एक मायेची थाप. ती त्याच्यापाशी होती आणि त्याने ती शुगरच्या आकड्यावर नंबराने वाटली. डोळे जात असलेल्या बाईने त्या थापेसाठी डोळे द्यायची तयारी ठेवली आणि ते त्याने घेतले.

वर्ष उलटायच्या आत एका सकाळी भागूबाईच्या डाव्या डोळ्यासमोर काळं जाळं उतरलं. आत रक्तस्राव झाला होता. फूलबाजारातून बायकांनीच तिला रिक्षात घालून मोहाडीकरांकडे आणलं. तो डोळा गेला. उजव्यावर लेसर करून डॉक्टरांनी तो कसाबसा राखला, माणूस ओळखू येणार नाही पण उंबरा दिसेल इतपत. इन्सुलिन सुरू झालं. सून सकाळ-संध्याकाळ टोचते आणि भागूबाई त्यानंतर एकदाही पडली नाही. खांबेकर तिला भेटायला गेला नाही. फळ्यावरून तिचं नाव पुसलं, एवढंच त्याने केलं. कुणी तिचा विषय काढला की म्हणायचा, "सुई घेतली ना शेवटी? मग."

पुढे त्याचं घरचं मंडळही बारगळलं. माणसं गळत गेली. काही माझ्यासारखी डॉक्टरकडे परतली, काही वर गेली. खांबेकर दिसायचा, बूट पॉलिश केलेले, मान ताठ. मी नमस्कार करायचो. सवय.

मोहाडीकरांच्या दवाखान्यात आता दर गुरुवारी एक सिस्टर येऊन बसू लागली होती, खास आम्हा शुगर-बीपीवाल्यांसाठी. फळा नाही, नंबर नाही. एकेकाला आत घ्यायची, पाय स्टुलावर ठेवायला सांगून स्वतः खाली बसून बघायची आणि घरी काय जमतं, काय जमत नाही ते विचारायची. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की मिसळ सुटत नाही. ती ओरडली नाही. म्हणाली, "पावाऐवजी घरची अर्धी भाकरी नेऊन खाल का, काका?" मला हसू आलं. मला हे इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

खांबेकरला मी शेवटचं पाहिलं ते अशाच एका गुरुवारी. मी आणि भागूबाई बाकावर बसलो होतो. तो मुलाच्या खांद्यावर हात टाकून आला. एका पायात बूट, दुसरा पाय फडक्यात गुंडाळलेला. मुलगा सिस्टरला हळू आवाजात सांगत होता, "अंगठा काळा पडलाय. किती दिवस होतं कुणास ठाऊक, मोजा काढायचेच नाहीत. खोलीत वास यायला लागला तेव्हा कळलं." मुलगा नाव लिहायला खिडकीशी गेला आणि खांबेकर बाकाच्या टोकाला बसला. आमच्याकडे बघितलं नाही.

सिस्टर त्याच्यापुढे येऊन वाकली. "आजोबा, डॉक्टर पाय बघतीलच. आधी तीन महिन्यांची शुगर करू. सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही," तो म्हणाला. आवाज तोच, निकाल वाचायचा. "कालपासून उपाशी आहे."

"आणि गोळ्या?"

"वेळेवर घेतल्या."

"अहो आजोबा, या तपासणीला उपाशी यावंच लागत नाही. खाल्लं काय, न खाल्लं काय, आकडा तोच येणार."

त्याच्या कपाळावर घाम जमला होता. सिस्टरच्या ते लक्षात आलं आणि ती "डॉक्टर" अशी हाक मारत घाईने आत गेली.

"कोन हाय भाऊ?" भागूबाईने मला विचारलं. "आवाज वळखीचा वाटतो."

"खांबेकर."

आता तिने काही बोलू नये असंच मला वाटत होतं. मग तिने विचारलं, "घाम आलाय का त्याला?"

"आलाय."

ती उठली. बाकाच्या कडेला हात लावत लावत त्या टोकापर्यंत गेली. पडवीत पडली त्या दिवसापासून ती कमरेच्या चंचीत साखरेची पुडी ठेवल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. तिने ती काढली, उलगडली.

"साहेब, हात करा. खा पटकन. मी पडले तवा आसंच झालं होतं."

त्याने हात पुढे केला. तिने चाचपून त्याचा तळवा शोधला आणि पुडी त्यात रिकामी केली. खांबेकरने मूठ मिटली, पण तोंडाकडे नेली नाही. आधी त्याने दाराकडे बघितलं. मग मुलाची पाठ बघितली. मग समोरची भिंत, जिथे पूर्वी फळा टांगलेला असायचा. डोळ्यांवर झापड येत होती, ओठ पांढरे पडले होते, आणि तो माणूस बघत होता की आपल्याला साखर खाताना कोण कोण बघतंय.

शेवटी त्याची नजर माझ्यावर आली. मी मान वळवली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याला नमस्कार न करता त्याच्याकडे बघत राहिलो, आणि माझ्याकडे बघतच त्याने मूठ तोंडाला लावली.